कडी नसलेला संडास

गिरणीतल्या संडासाने सकाळी लघवी तपासून अहवाल पाठवला आणि कावेरी भोईटे गरोदर असल्याचं तिच्या नवऱ्याआधी मुकादमाला कळलं. दुपारी तिला यंत्रावरून उठवून झाडलोटीला लावलं. घरच्या संडासाचं भांडंही तपासणी करणारंच होतं; दुसरं बसवायला कायद्याने बंदी होती.

संध्याकाळी ती प्रमिलाताईंच्या संग्रहालयात गेली. चाळीस वर्षं प्लंबिंग केलेल्या ताईंनी तिथे साखळीची टाकी, टोपलीचा संडास, असलं काय काय मांडलं होतं. कोपऱ्यात पडद्याआड एक जुनं पांढरं भांडं होतं, शेजारी टमरेल.

“ह्याच्या वाकड्या नळीत वास अडवायला पाणी राहतं. एवढंच त्याला येतं,” ताई म्हणाल्या. “गटाराला मीच जोडलंय. जा बिनधास्त. कडी नाही, कुणी आलं तर खाकरायचं. आमच्या लहानपणी तसंच होतं.”

महिन्याभरात गिरणीतल्या बायका रोज संग्रहालय बघायला येऊ लागल्या, तसा निरीक्षकही आला.

“प्रदर्शनातली वस्तू वापरात असल्याची तक्रार आहे,” तो म्हणाला.

“आहेच वापरात,” ताई म्हणाल्या. “रांग दिसत नाही का?”

तो रांग ओलांडून पुढे गेला आणि त्याने पडद्याला हात घातला. आतून कावेरी खाकरली. त्याचा हात तिथेच थांबला. मग रांगेतली पहिली बाई खाकरली, तिच्यामागची खाकरली, आणि बघता बघता दारापर्यंतची सगळी रांग खाकरली.