आधी सायकल, मग पाहुणा

पाहुणा दारातूनच परत निघाला.

प्रणालीने त्याला खोली दाखवली होती, गादी दाखवली होती, अंघोळीच्या गरम पाण्याचा हौदही दाखवला होता. त्याने सगळ्याला मान डोलावली. मग विचारलं, सायकल कुठे ठेवू? तिने परसातल्या लोखंडी कठड्याकडे बोट केलं. वर छप्पर नव्हतं, पण कुलूप लावायची सोय होती. बाहेर भुरभुर पाऊस चालू होता. पाहुणा कमरेतून इतका खाली वाकला, की चूक त्याचीच झाली असं वाटावं. जपानी माणूस नाही म्हणत नाही, नुसता वाकतो. हंगामभर माणसं तिच्या दारातून अशीच वाकून वाकून निघून गेली होती.

शिकोकू बेटावरचं हे जुनं लाकडी घर तिने भाड्याने घेतलं होतं, ते सायकलवरून बेट फिरणाऱ्यांच्या मुक्कामासाठी. नवरा नितेश ओसाकात नोकरीला. दोघांचं ठरलं होतं: या हंगामात एक रात्र जरी घर भरलं तर चालू ठेवायचं, नाही तर किल्ली मालकाला परत. आजचा शनिवार हंगामातला शेवटचा. पाहुण्यांच्या तिन्ही खोल्या रिकाम्या होत्या आणि तिचा जीव सकाळपासून टांगणीला लागला होता.

"कावून चालला थो?" पायरीवर बसलेल्या खुशालरावांनी विचारलं. हे तिचे सासरे, दर्यापूरहून थोड्या दिवसांसाठी आलेले. आल्यापासून त्यांना इथली एकच गोष्ट पटली होती, लोक जोडे घालून घरात शिरत नाहीत.

"मले काय माहीत, मामाजी. सांगते थोडीच कोणी."

"तू त्याले गादी दाखवून राह्यली होती, आन् थो सारा वेळ सायकलीकडं पाहून राह्यला होता." ते उठले. "आपल्याकडं गाडीवाला पावना आला, तर आंधी त्याचे बैल सोडा लागते. बैलं निवाऱ्याले लागले, की मंग त्याले पाणी विचारा. पावसात बैल उभा ठेवून कोन्या गाडीवानाले झोप लागते का?"

ती काही बोलायच्या आत ते अनवाणीच पावसात उतरले आणि फाटकाशी जाऊन त्यांनी सायकलचं हँडल धरलं. पाहुण्याने ते सोडलं नाही. दोघे समोरासमोर, मध्ये सायकल.

"सोड बाप्पा," खुशालराव चक्क वऱ्हाडीत म्हणाले. "पळवून नाही नेत."

शब्द कळायचा प्रश्नच नव्हता, पण पाहुण्याने एक हात काढला. मग दुसराही.

सायकल उंबऱ्याशी आली तेव्हा प्रणाली आडवी उभी राहिली. आत सगळीकडे गवती चटया होत्या. या देशात त्यांच्यावर घरातली सपातसुद्धा चढत नाही, आणि मालकाने किल्ली देताना पहिली तंबी चटयांचीच दिली होती.

"मामाजी, चटया खराब होतीन."

"होऊ दे. घर रिकामं ठिवून चटया काय चाटायच्या हायेत?"

तिला राग आला आणि लगेच हसूही. ती बाजूला झाली. खुशालरावांनी बादलीभर पाणी घेऊन दोन्ही चाकं धुतली, खांद्यावरच्या दुपट्ट्याने पुसली, तांदळाची रिकामी पोती अंथरली आणि सायकल खोलीत भिंतीला टेकवली. सीटवर थाप मारली. मग मागे वळून पाहुण्याला म्हणाले, "आता ये. चहा घे."

पाहुण्याचा जीव भांड्यात पडला. तो उंबऱ्यावर बसला आणि जोड्यांचे बंद सोडू लागला. हंगामभरात मुक्कामासाठी त्या उंबऱ्यावर बसून जोडे काढणारा तो पहिलाच. मग त्याने खिशातून फोन काढला आणि भराभर बोलत सुटला.

"काय म्हनते?" खुशालरावांनी विचारलं.

"त्याचे सोबती पुलाजवळच्या हॉटेलापाशी उभे हायेत," प्रणाली म्हणाली. "तिथं सायकली उघड्यावर ठेवा म्हणतात. त्यानं सगळ्यायले इकडं बोलावलं."

ते आले, भिजलेले, एकामागून एक. आता प्रणालीनेही बाह्या वर केल्या. ती चाकं धुवायची, खुशालराव पुसायचे. "ह्या लाल्याले कोपऱ्यात घे. पांढऱ्याले खिडकीपाशी." बघता बघता तिन्ही खोल्या भरल्या, चटयांवर एक-दोन डागही पडले, पण प्रणालीला इतका आनंद झाला होता, की त्या डागांचं तिला काहीच वाटलं नाही. तिने नितेशला फोन लावला आणि दोनच शब्द बोलली, "घर भरलं."

मग तिने एका खोक्याचा पुठ्ठा फाडला, त्यावर जाड अक्षरांत जपानीत लिहिलं आणि पुठ्ठा फाटकावर अडकवला. दोन पावलं मागे सरून ती डोळे भरून बघत राहिली.

"काय लिव्हलं?" खुशालरावांनी दारातून विचारलं.

"आज जागा नाही." तिने एकेक शब्द सावकाश उच्चारला.

खुशालरावांचा चेहरा पडला. "घरावर असं लिवत असते का कोनी?"

"पण खरंच नाही ना जागा, मामाजी."

"माही खोली हाये. मी पडतो ओसरीत."

ती उत्तर देणार तोच रस्त्याच्या वळणावरून एक दिवा हलत आला आणि फाटकाशी थांबला. एकटीच मुलगी, नखशिखांत भिजलेली. तिने पाटी वाचली, वाकली आणि सायकल वळवू लागली.

प्रणालीने धावत जाऊन हँडल धरलं. दुसऱ्या हाताने फाटकावरचा पुठ्ठा ओढून काढला, खुशालरावांच्या खोलीत नेला, आणि चटईवर अंथरून त्याच्यावर सायकलचं ओलं चाक ठेवलं.