शोकेसमधल्या मोटारी

चौऱ्याहत्तरच्या वैशाखात वैरागचे पाहुणे गुरप्पांच्या मुलीला बघायला सोलापुरात आले आणि शोकेसमधल्या इवल्या धातूच्या मोटारींपाशीच थबकले. “बारकं पोर कुणाचं हाय हितं?” नवऱ्या मुलाच्या आईनं आवाज चढवला. घरात विधुर गुरप्पा आणि एकुलती लेक, एवढीच माणसं. गप्प बसावं तर लेकीवर बालंट, बोलावं तर स्वतःचं हसं. “माझ्या हायत. मीच हौसेनं जमवल्यात,” गुरप्पा पुटपुटले. कुणाचाच विश्वास बसेना. मग एकेक गाडी काढून ते सांगत सुटले. “अशी ब्यूक गिरणीमालकांची होती. तिच्यामागं आमी सायकली हाणायचो. अशी मॉरिस डॉक्टरांची. ढकलल्याबिगर चालू व्हायची न्हाय.” चहा निवला, तरी थांबेनात. अखेर बाईंना हसू आलं. “नातवाला खेळाया द्याल न्हवं?” म्हणजे लग्न ठरलं! “व्हय की,” गुरप्पा म्हणाले. पण हातातली मॉरिस काही सोडवेना.