देवाची सहाण

"ठेव ती खाली! देवाच्या चंदनाची सहाण बाटवलीस!" सासूबाई कडाडल्या.

केतकीने वर पाहिलंही नाही. मांडीवरचं बाळ रडून लालबुंद झालं होतं, पोट दगडासारखं कडक. ती सहाणेवर वेखंड उगाळत राहिली.

"शिकलेल्यांना देव कुठला असायला!"

बेंबीभोवती लेप लावून ती पोट चोळत बसली. अखेर वायू सरला आणि बाळ झोपलं. त्या शांत चेहऱ्यापुढे केतकीचे हात आपसूक जुळले.

"हात देवापुढे जोडावेत! आणि ती सहाण घासून धुऊन ठेव."

बाळाला पाळण्यात ठेवून केतकी देव्हाऱ्याशी गेली. रांगता बाळकृष्ण तळहातावर घेऊन उरलेलं वेखंड तिने त्याच्या पोटाला हलकेच चोळलं.

"रोज लोणी चारता याला, आई. पोट कधी चोळलंत?"