तिसरी रांग

"ह्यांचा तेवढा चेहरा मोठा करून दे बाबा," मालनकाकू म्हणाल्या. "बाराव्याला हार घालायला एक धड फोटो नाही घरात. आधार कार्डावर तर पाकीटमारासारखे दिसतात."

विनीतनं लॅपटॉप उघडला. राजारामकाका जाऊन चार दिवस झाले होते. लालबागची ही चाळ आता रिकामी करायची, म्हणून महिन्यापूर्वी सगळ्या बिऱ्हाडांचा एक ग्रुप फोटो काढला होता. काढणारा विनीतच. पुढं खुर्च्यांवर कमिटी, त्यांच्यामागं उभी मंडळी आणि पार मागं ओट्यावर तिसरी रांग. काका तिथं होते. त्यानं चेहरा मोठा केला. आणखी मोठा केला.

पुढच्या रांगेत सेक्रेटरींच्या शर्टाचं बटण न् बटण मोजता येत होतं. काकांना मात्र डोळे नव्हते, नाक नव्हतं. पाटीवरचं ओल्या बोळ्यानं पुसावं तसा नुसता डाग.

चूक आपलीच, हे त्याला तिथल्या तिथं कळलं. नवीकोरी लेन्स घेतली होती ना साहेबांनी! एक पॉइंट चारची. तिचं तोंड पूर्ण उघडलं, की समोरचं तेवढं रेखीव येतं आणि मागचं सगळं विरघळतं. एकट्या नवरीचा फोटो काढायला झकास. पण तीस माणसं तीन रांगांत उभी असली, की ते तोंड बारीक करायचं. मग पहिली रांगही स्वच्छ येते आणि शेवटचीही. क्लासच्या पहिल्या आठवड्यात शिकवतात हे. त्याचा दोस्त वैभव त्या दिवशी म्हणालाही होता, "अरे, तोंड बारीक कर, आठ-अकरावर घे. ऊन ढीगभर आहे." ह्यानं त्यालाच उडवून लावलं. "गप रे! मागचं ब्लर असलं की फोटो महाग वाटतो." गंजलेले पाइप आणि दोरीवरचे टॉवेल त्याला फोटोत नको होते. ते घालवताना मागं माणसंही उभी आहेत, हे साहेब विसरले.

मोबाइलवर कुणाच्या लक्षातही आलं नाही. वा वा झाली. दोन लग्नांच्या ऑर्डरी आल्या.

"काय रे, दिसत नाहीत का?" काकूंनी विचारलं.

आता फक्त खरं बोलायचं होतं. पण जीभ अशी काही वळली, की त्याचं त्यालाच कळलं नाही. "काका हलले, काकू. नेमके क्लिकच्या वेळी."

काकूंनी स्क्रीनकडं पाहिलं. "असं होय," म्हणाल्या आणि पदर सावरून निघून गेल्या.

बाराव्याला तो गेला. न जाऊन चालणार कसं? पाटावर आधार कार्डावरचाच फोटो मोठा करून ठेवला होता. शेजारच्या लतिकामावशींना राहवलं नाही. "काय हे मालन! विनीतकडून चांगला करून घ्यायचा होतास ना!"

"त्याचा काय दोष?" काकू लगेच म्हणाल्या. "हेच हलले. ह्यांना दोन मिनिटं स्वस्थ उभं राहता आलंय का कधी?"

बायका हसल्या. राजाराम म्हणजे पहिल्यापासूनच चुळबुळ्या, असं कुणीतरी म्हणालं. मग आणखी कुणाला कसलीशी गंमत आठवली. गेलेल्या माणसाच्या नावानं खोलीभर हशा झाला. विनीत पानावर बसला होता. त्याचे कान तापले. आत्ता उठावं आणि ओरडून सांगावं, असं त्याला वाटलं, पण तो उठला नाही. खाली मान घालून भात कालवत राहिला. त्याची त्यालाच लाज वाटली.

जेवणं उरकल्यावर मोरीपाशी काकू एकट्या सापडल्या.

"काकू, मी खोटं बोललो. काका हलले नव्हते. माझ्याच चुकीनं अख्खी तिसरी रांग गेली."

काकूंनी हातातलं पातेलं खाली ठेवलं.

"ठाऊक आहे रे मला. हात थरथरायचा ना त्यांचा. सगळ्यांचा फोटो बिघडायला नको म्हणून मी तो गच्च धरून उभी होते. श्वाससुद्धा रोखला होता त्यांनी."

विनीतला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "मग सगळ्यांना तसं का सांगितलंत?"

"तुला अजून धंदा करायचाय," काकू म्हणाल्या. "ह्यांना काय, नावं ठेवली तरी आता थोडंच ऐकू येणार आहे? आणि ऐकू आलं असतं ना, तरी तुझ्यासाठी 'हो, मीच हललो' असंच म्हणाले असते."