चेहऱ्यांची भिंत

मुलीने रिमोटमधले सेल काढून पर्समध्ये लपवले होते. बाबांनी रिमोट दोनदा तळहातावर आपटून पाहिला. मग उठून टीव्हीच्या कडेचं बटण दाबलं.

"आमच्या वेळी असंच लावायचे," ते म्हणाले. "बसा हो सगळे. नाव शेवटी येतं, पण पहिल्यापासून बघायचं."

शेजारच्या काकू चहाचा कप घेऊन खुर्चीत बसल्या होत्या. खालच्या मजल्यावरचा शिंपी दाराशी टेकला. दर आठवड्याला हे असंच. मालिका संपली की पडद्यावरून नावं सरकत, त्यात क्षणभर मुलीचं नाव येई आणि बाबा टाळ्या वाजवत. जन्मभर सायकलींची पंक्चरं काढलेल्या माणसाला टीव्हीवर आपलं आडनाव दिसणं म्हणजे काय, ते त्याचं त्यालाच ठाऊक.

"बाबा, आजचा भाग काही खास नाही. आपण जेवून घेऊ या."

"जेवण कुठं पळून जातंय?"

मालिका होती एका अब्जाधीशाची. त्याच्या नातीला कुणीतरी पळवून नेतं, पोलिसांना ती सापडत नाही, म्हणून तो आपली सगळी संपत्ती एका पोलीस ठाण्यात ओततो. काचेच्या खोल्या, आकाशात ड्रोन, चौकाचौकात कॅमेरे. आणि एक भलीमोठी भिंत. तिच्यावर हजारो चेहरे भराभर फिरतात आणि गुन्हेगारापाशी येऊन थांबतात. ती भिंत कॉम्प्युटरवर मुलीने तयार केलेली.

भिंतीला चेहरे लागत. परक्या माणसाला चोर म्हणून दाखवलं तर तो कोर्टात जायचा, म्हणून मालिकेत काम करणारी माणसं घरचेच फोटो आणून देत. कुणाचा मामा खिसेकापू, कुणाची आत्या दरोडेखोर. सगळे हसत. एवढ्या गर्दीत एखादा चेहरा तसा दिसतही नसे. एकदा चेहरे कमी पडले, तेव्हा मुलीने बाबांचा सुट्या भागांचा डबा उघडला. जुन्या घंट्यांखाली एक फोटो होता. न विचारताच तिने तो घेतला. दाढी वाढलेले, डोळे तारवटलेले तरुण बाबा, मागे कोरी भिंत. तिने फोटोवरचे डाग पुसले, कडेला कॉलरवर आलेली कुणाची तरी बोटं पुसली आणि चेहरा गर्दीत टाकून दिला.

चित्रीकरणात दिग्दर्शकाने भिंत थांबवली ती नेमकी तिथे.

"हाच! डोळे बघा याचे. मुलं पळवणारा असाच दिसतो. कोण आहे हा?"

सगळे तिच्याकडे बघत होते. दोनच शब्द बोलायचे होते.

"कुणी नाही," ती म्हणाली. "असाच एक फोटो आहे." आणि त्यांच्याबरोबर हसलीसुद्धा.

त्यानंतर बाबांना सांगायचं तिने कितीदा तरी ठरवलं. बाबा समोर आले की ती दुसरंच काहीतरी बोले.

आता पडद्यावर ड्रोन घोंघावत होते. भिंत फिरू लागली. चेहरे, चेहरे, चेहरे. मग लाल चौकट एका ठिकाणी येऊन थांबली आणि पडदाभर बाबा झाले. खाली ठळक अक्षरं आली : मुलं पळवणारा.

काकूंचा कप बशीवर वाजला. शिंपी ताठ उभा राहिला. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं मुलीला झालं.

"काय हो," शिंपी अखेर म्हणाला, "दुकान बंद करून हा धंदा काढलात होय?"

बाबा पडद्याकडेच बघत होते. मग त्यांनी मांडीवर थाप मारली.

"मग! पोरीनं विचारलं, बाबा, गुन्हेगार व्हाल का? म्हटलं, तुझ्यासाठी फुकटात होतो."

"बाई गं, मला तर घाम फुटला," काकू म्हणाल्या. "शोभताय मात्र!"

सगळे हसले. बाबाही हसले. भाग संपला तेव्हा चेहरा तिथेच गोठला आणि नावं त्याच्यावरून सरकू लागली. मुलीचं नाव बाबांच्या गालावरून वर गेलं. बाबांनी नेहमीसारख्या टाळ्या वाजवल्या.

माणसं गेली. मुलगी कपबशी उचलायला वाकली ती वाकलेलीच राहिली.

"बाबा, मी विचारायला हवं होतं. आणि तिथे त्यांनी मला विचारलं, तेव्हा मी..."

ती बशीत सांडलेला चहा बोटाने पुसत राहिली.

"डबा उघडलास होय," बाबा म्हणाले. आवाजात राग नव्हता. "तो फोटो पोलिसांनीच काढलेला आहे."

"पोलिसांनी?"

"तू एवढीशी होतीस. बाजारात माझ्या हातातून तुझा हात सुटला. रात्रभर वेड्यासारखा फिरलो. सकाळी चौकीत सापडलीस. तेव्हा हरवलेलं मूल परत देताना नेणाऱ्याचा फोटो काढून ठेवत, उद्या दुसरा कुणी बाप म्हणून येऊन उभा राहिला तर म्हणून. एक प्रत मी मागून घेतली. पण कुणाला दाखवली नाही. बापाच्या हातून पोर सुटली, याची लाज वाटायची."

त्यांनी उठून टीव्ही बंद केला.

"माझा अवतार बघून फौजदाराला वाटलं, मीच पळवणारा. मला जवळ येऊ देईना. शेवटी त्याने तुलाच विचारलं, कोण आहे हा?"

बाबांनी शर्टाच्या कॉलरला हात लावला.

"तू मला इथं घट्ट धरलंस आणि म्हणालीस, माझे बाबा."