सर्वांत लहान खेळाडू

कुरखेड्याच्या मयुरीनं घरच्या सगळ्यांनी मिळून खेळायचा मोबाइल गेम बनवला. जंगलात मोहफुलं वेचायची आणि वाघापासून जपायचं. वाघानं बापाला नेलं, की त्याची टोपली सर्वांत लहान खेळाडूकडे जायची आणि खेळ पुढे चालू.

नागपूरच्या ऑफिसात साहेब हसले. "बाप गेल्यावर कुणी फुलं वेचत बसतं का? घरच्यांची करमणूक आहे ही. काढ तो नियम, कुणाला पटणार नाही."

मयुरीची कानशिलं तापली. ऑफिसात जपलेली शहरी बोली गळून पडली.

"काऊन नाई पटणार? मोह पडाचा थांबते काय कोणासाठी? बाबाले वाघानं नेलं, तर तेरवीच्या आधीच आईनं त्यायची टोपली माह्या हाती देली. मी दुसरीत होती, साहेब."