वहीतली शेवटची ओळ

"चाळीस वर्षं टपाल वाटलंस आणि स्वतःचा पत्ता चुकवतोस?" वेंडेल खेकसला. "हा तिसरा फॉर्म, लॉइड!"

"हात कापतो रे," लॉइड शांतपणे म्हणाला आणि पुन्हा पहिल्यापासून लिहू लागला.

त्यानं नेब्रास्कातल्या एका दुकानदाराकडून जुनी एकनळी बंदूक मागवली होती. परराज्यात घेतलेली बंदूक थेट घरी येत नाही, गावातल्या परवानेवाल्या दुकानदाराकडे येते. त्यानं तिच्यावर कोरलेला नंबर, जो प्रत्येक बंदुकीचा वेगळा असतो, वहीत चढवायचा, गिऱ्हाइकाकडून फॉर्म भरून घ्यायचा, फोनवर सरकारी चौकशी करायची आणि होकार आला की वहीतली ओळ पुरी करून बंदूक हवाली करायची. मोंटानातल्या या टीचभर गावात असा दुकानदार एकच, वेंडेल आमुंडसन.

"तुझी ही शेवटची," वेंडेल म्हणाला. "दुकानातला माल संपवला. वहीत एवढीच ओळ अडकलीय. ती पुरी झाली की मी सुटलो."

"सुटून करणार काय?"

"व्हर्ना वाट बघतेय."

लॉइडचं पेन थांबलं. व्हर्ना, वेंडेलची बायको, फेब्रुवारीत गेली होती. आणि गेल्याच आठवड्यात वेंडेलनं आपलं लाडकं कुत्रं, बिस्किट, लॉइडच्या दारात आणून सोडलं होतं. 'आता तूच सांभाळ,' एवढंच बोलून तो निघून गेला होता.

"अरे, सोड! सोड मेल्या!" वेंडेल एकदम ओरडला. लॉइडबरोबर आलेल्या बिस्किटनं टेबलाला टेकवलेल्या बंदुकीचा लाकडी दस्ता हाडूक समजून तोंडात धरला होता. ओढून काढेपर्यंत लाकडात दात रुतलेच.

"असू दे, माझीच आहे," लॉइड म्हणाला. मग उगीचच, "सही उद्या केली तर चालेल ना? चष्मा विसरलोय."

चव्वेचाळीस वर्षं व्हर्ना बंदुकीवरचा नंबर वाचायची आणि वेंडेल लिहायचा. जाण्याआधी तिनं त्याच्यासाठी नवा चष्मा करायला टाकला होता, तो अजून डॉक्टरकडेच पडून होता. बघायला उरलंय काय, असं वेंडेलचं म्हणणं. आता भिंगातून तो एकेक आकडा टिपायचा आणि बंदूक पुन्हा खोक्यात सारायचा. व्हर्नाच्या मागे जायचं, हे त्यानं मनाशी पक्कं केलं होतं. फक्त वही अर्धवट टाकून जाणं त्याच्या रक्तात नव्हतं.

लॉइडची सही दुसऱ्या दिवशी संध्याकाळी झाली. त्याआधी, दुपारीच, फोन वाजला. शाळेची बस चालवणारी डार्लीन होती.

"वेंडेल, मी नेब्रास्काहून बंदूक घेतलीय हं. तुमच्याकडे येईल."

"तू? उंदीर दिसला तर बसच्या टपावर चढशील तू!"

"म्हणूनच तर घेतली!"

नाही म्हणायला त्यानं तोंड उघडलं होतं. पण व्हर्नानं कधी कुणाला परत पाठवलं नव्हतं. बरं, एक तर एक. खोकं आलं आणि त्यानं नवी ओळ सुरू केली.

एकावर कुठलं निभतंय! डार्लीनची ओळ पुरी व्हायच्या आत न्हाव्याचा फोन आला. मग ग्रंथालयातल्या मिस ओपलचा, मग पंपावरच्या दोघा भावांचा, एकापाठोपाठ एक. सगळ्यांना एकनळीच हवी होती आणि प्रत्येक खोकं त्याच नेब्रास्कावाल्याचं, निळी चिकटपट्टी मारलेलं.

"हा बाबा दुकान मोडून बसलाय की काय?" वेंडेल वैतागायचा.

"स्वस्तात देतो हो!" जो तो म्हणायचा.

आणि यांचे फॉर्म म्हणजे! एक नीट भरेल तर शपथ. जन्मतारीख चुकव, ओळखपत्र घरी विसर, दर वेळी तीन-तीन खेपा. येताना कुणी डब्यातून सूप आणायचं, कुणी दालचिनीचे रोल. "फोन लागेस्तोवर दोन घास खा," म्हणत समोर बसायचं. मिस ओपल सकाळी सातलाच टपकायची, म्हणून वेंडेलला सहाला उठून कॉफी करावी लागायची. जुलैत एकदा न्हाव्याच्या कुठल्याशा चावटपणावर तो खदखदून हसला. रात्री व्हर्नाच्या फोटोकडे बघायचीही त्याला लाज वाटली. मग त्यानं फोटो पुसला आणि तो विनोद तिलाही सांगितला.

ऑक्टोबरात पास्टर हॉगेन यांची बंदूक आली.

"यांच्यानंतर मात्र बास," वेंडेल डार्लीनला म्हणाला. "अगदी खरंच बास."

पर्समधून चष्म्याची डबी काढून तिनं त्याच्या समोर ठेवली. "डॉक्टरकडून घेऊन आले. व्हर्नाबाईंनी किती हौसेनं करायला टाकला होता. घाला बघू. तुम्ही घातल्याशिवाय मी इथून हलणार नाही."

त्यानं कुरकुरत घातला. तिनं पाहिलं, डोळे पुसले आणि मुलांना आणायची वेळ झाली म्हणत निघून गेली.

वेंडेलनं निळी पट्टी कापली. भिंग न घेता, नंबर सरळ वाचून त्यानं पास्टरच्या नावाची ओळ लिहिली. अक्षर कसं लख्ख दिसत होतं! बंदूक खोक्यात ठेवता ठेवता मात्र तो थबकला. दस्त्यावर खळगे होते. दोन खोल, बाजूला बारीक चार. त्यानं त्यांवरून अंगठा फिरवला.

नेब्रास्काहून आजच आलेली बंदूक, आणि तिच्यावर बिस्किटचे दात?

त्यानं वही पुढे ओढली आणि पास्टरच्या ओळीवर बोट ठेवून ते हळूहळू वर नेलं. पंपावरचा धाकटा. थोरला. मिस ओपल. न्हावी. डार्लीन. लॉइड.

सात ओळी, सात नावं, आणि सगळ्यांपुढे त्याच्याच हातानं लिहिलेला एकच नंबर.